रूळ तेच, गाड्या जास्त : पॅरिस-लियॉन रेल्वेची नवी सिग्नल व्यवस्था

फ्रान्समधील लियॉन हे शहर आपल्या धंद्यातल्या माणसाला परके वाटू नये. मालेगाव असो, भिवंडी असो, येवला किंवा सोलापूर असो, जेथे जेथे मागावर जकार्ड चढलेले आहे तेथे या शहराचे देणे आहे. जोसेफ मेरी जकार्ड हा कारागीर लियॉनचा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरवून कापडावर नक्षी उतरवण्याची त्याची युक्ती १८०४ सालची. दोनशे वर्षे उलटून गेली, पण सोलापुरी चादरीवरचे फूल आजही त्याच युक्तीने उमटते.

या लियॉनला पॅरिसशी जोडणाऱ्या वेगवान रेल्वेवर गेली काही वर्षे एक मोठे काम चालू आहे. नवे रूळ टाकलेले नाहीत, बोगदा खणलेला नाही. बदलत आहे ती फक्त गाड्यांना हुकूम देण्याची पद्धत. आणि एवढ्या एका बदलाच्या जोरावर गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला १३ गाड्या जातात त्याऐवजी २०३० पर्यंत १६ सोडण्याचा तेथील रेल्वेचा इरादा आहे. खर्च ८२ कोटी युरो, म्हणजे आपल्या हिशेबाने आठ हजार कोटी रुपयांच्या घरात. त्यात युरोपीय संघाचाही हिस्सा आहे. वाढीव तीन गाड्यांसाठी एवढी रक्कम, हे ऐकून कोणीही व्यापारी भुवया उंचावेल. हिशेब बरोबर आहे की नाही, हे समजण्यासाठी आधी मामला नीट पाहावा लागेल. आपल्याकडेही मुंबई-दिल्ली मार्गावर ‘कवच’ नावाने याच जातीचे काम सुरू आहे, तेव्हा विषय अगदीच सातासमुद्रापलीकडचा नाही.

एकाच मार्गावर सारा भार

जपानने १९६४ साली जगातली पहिली वेगवान रेल्वे सुरू केली. युरोपातल्या सुरुवातीच्या वेगवान मार्गांपैकी एक म्हणजे पॅरिस-लियॉन मार्ग. सप्टेंबर १९८१ मध्ये त्याचा दक्षिणेकडचा मोठा भाग खुला झाला आणि १९८३ मध्ये उरलेला. सुरुवातीला वेग ताशी २६० किलोमीटर होता, पुढे तो ३०० पर्यंत गेला. दोन शहरांतले सव्वाचारशे किलोमीटरचे अंतर दोन तासांत कापले जाऊ लागले. मुंबई-सोलापूरचे अंतर त्याहून थोडेच जास्त आहे आणि आपल्या वंदे भारतला त्यासाठी साडेसहा तास लागतात, यावरून कल्पना यावी. (आपल्या वाटेत घाट आहे, हेही खरे.)

आता अडचण अशी की हा मार्ग फक्त लियॉनचा राहिलेला नाही. मार्सेय, माँपेलिए, स्वित्झर्लंड, इटली, कोठेही जाणारी गाडी पॅरिसहून निघाली की याच रुळांवरून जाते. फ्रान्सच्या एकूण वेगवान वाहतुकीपैकी सुमारे एक तृतीयांश भार या एका मार्गावर आहे. त्यात डिसेंबर २०२१ पासून इटलीच्या ट्रेनइटालिया कंपनीनेही पॅरिस-लियॉन-मिलान अशा आपल्या गाड्या येथे आणल्या. पूर्वी फ्रान्सच्या सरकारी रेल्वेचे एकच दुकान होते, आता शेजारी दुसरे लागले. ग्राहकाला हे चांगले. भाव उतरतात, वागणूक सुधारते. पण दोन्ही दुकानांत जाण्याचा रस्ता एकच आहे आणि तो सकाळ-संध्याकाळ भरलेला असतो.

गर्दीवर पहिले उपाय केव्हाच करून झाले होते. दोन गाड्या एकमेकींना जोडून सोडल्या. १९९६ पासून दुमजली डबे आणले. म्हणजे त्याच फेरीत जास्त माल कोंबला. हाही मार्ग संपला तेव्हा दोनच पर्याय उरले. एक, दुसरी समांतर लाइन बांधणे. ऑर्लेआँ आणि क्लेर्माँच्या बाजूने तशी लाइन नेण्याचा विचार बरीच वर्षे झाला आणि मग तो बाजूला ठेवला गेला, कारण त्याचा खर्च अब्जावधी युरोंचा. दुसरा पर्याय म्हणजे दोन गाड्यांमधील अंतर कमी करणे. सिग्नलचे सारे काम त्यासाठी आहे.

अंतर ठेवावेच का लागते

मुंबई-आग्रा रस्त्यावर आपले ट्रक एकामागोमाग धावतात. पुढच्याचा लाल दिवा लागला की मागचा ड्रायव्हर ब्रेक दाबतो. रबरी टायर डांबराला धरून ठेवतो आणि गाडी काही मीटरांत थांबते. रेल्वेचे तसे नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, पकड कमी. ताशी ३०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ८३ मीटर जाते आणि पूर्ण थांबायला तिला तीन किलोमीटरहून जास्त जागा लागते. तीन किलोमीटर पुढचे कोणत्या ड्रायव्हरला दिसणार? म्हणून रेल्वे कधीच डोळ्यांच्या भरवशावर चालत नाही. पुढची वाट मोकळी आहे ही खबर कोणीतरी ड्रायव्हरला द्यावी लागते. सिग्नल म्हणजे ही खबर.

जुनी रीत अशी की लाइनचे तुकडे पाडायचे. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा तुकडा रिकामा झाला की मागच्या गाडीला आत घ्यायचे. साध्या मार्गावर त्यासाठी खांबावर दिवे असतात. पण ३०० च्या वेगाने खांबावरचा दिवा डोळ्यासमोरून असा निघून जातो की तो लाल होता की पिवळा याची खात्री देता येत नाही. म्हणून फ्रेंच इंजिनिअरांनी १९८१ सालीच दिवे खांबावरून काढून ड्रायव्हरच्या समोर, इंजिनाच्या आत आणले. रुळांमधूनच विजेचा बारीक प्रवाह सोडला जातो. गाडीखालचा अँटेना तो पकडतो. प्रवाहाच्या प्रत्येक कंपनसंख्येचा एक ठरलेला मतलब. एकीचा मतलब २७० ने चल, दुसरीचा २२० वर ये, तिसरीचा १६० वर ये, असे. ही व्यवस्था टीव्हीएम ३०० या नावाने ओळखली जाते. तिच्या जमान्यात ती कमालीची होती आणि चाळीस वर्षे तिने इमानाने काम केले, याची दाद द्यायलाच हवी.

मग उणीव कोठे? पहिली उणीव ही की तिच्याजवळ शब्द फार थोडे आहेत. दीड डझन कंपनसंख्या, म्हणजे फार तर दीड डझन हुकूम. दुसरी ही की तुकडे सुमारे दोन-दोन किलोमीटरचे आहेत. पुढची गाडी तुकड्याच्या सुरुवातीला आहे की टोकाला, हे मागच्या गाडीला कळत नाही. तुकडा भरलेला, एवढेच कळते. त्यामुळे मागच्या गाडीला नेहमी वाईटात वाईट धरून चालावे लागते. वेग उतरवायचा तोही जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा, टप्प्याटप्प्याने. आणि या पायऱ्या सर्वांत कमजोर ब्रेकच्या गाडीला झेपतील अशा आखलेल्या. चांगल्या ब्रेकची नवी गाडी असली तरी तिलाही त्याच पायऱ्या. गोदामात किती तागे आहेत याचा नीट हिशेब नसेल तर व्यापारी गरजेपेक्षा जास्त माल भरून ठेवतो. भांडवल अडकते ते मालात कमी आणि अंदाजात जास्त. येथे रुळांची लांबी अशी अंदाजात अडकलेली आहे.

नवी रीत

नव्या पद्धतीचे नाव ईटीसीएस, पातळी दोन. ही एका कंपनीची किंवा एका देशाची खासगी चीज नाही. युरोपात वीसहून अधिक वेगवेगळ्या सिग्नल पद्धती होत्या. पॅरिसहून ब्रुसेल्स, कोलोन, ॲमस्टरडॅमकडे जाणाऱ्या थॅलिस गाड्यांना एके काळी सात देशी-विदेशी पद्धतींची यंत्रे अंगावर वागवावी लागत. म्हणून १९९० नंतर सर्वांनी मिळून एक समान पद्धत ठरवली. आपल्या जुन्या बाजारांत प्रत्येक गावचा शेर वेगळा असे, मग किलो आला. काहीसे तसेच.

तिचे काम असे चालते. रुळांच्या मध्ये ठरावीक अंतरावर पिवळ्या रंगाच्या चपट्या पेट्या बसवलेल्या असतात. त्यांना बलीझ म्हणतात. गाडी वरून गेली की बलीझ तिला सांगते, तू अमुक ठिकाणी आहेस. दोन बलीझांच्या मध्ये गाडी स्वतःच्या चाकांचे फेरे मोजून आपली जागा काढत राहते. ही जागा ती रेडिओवरून नियंत्रण केंद्राच्या कॉम्प्युटरला कळवते. केंद्राजवळ सगळ्या गाड्यांची आणि सगळ्या सांध्यांची खबर असते. ते उलट संदेश देते की तुला अमुक किलोमीटरपर्यंत जाण्याची इजाजत आहे, वाटेत वेगाची मर्यादा इतकी, चढ-उतार असे. मग गाडीतला कॉम्प्युटर स्वतःच्या ब्रेकची ताकद पाहून हिशेब मांडतो की थांबायचे झाले तर कोठून ब्रेक लावला पाहिजे. ही रेषा पायऱ्यांची नसून उतरणीसारखी सलग असते. ड्रायव्हरने ती ओलांडली तर गाडी स्वतः ब्रेक लावते. पुढे वाट मोकळी होत जाईल तशी इजाजत लांबत जाते, खांबापर्यंत पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाडी ड्रायव्हरविना चालते असे नाही. ड्रायव्हर आहे, त्याच्या हातात गाडी आहे. तसेच रुळांचे तुकडेही या पातळीवर पूर्णपणे जात नाहीत. तुकड्यात गाडी आहे की नाही हे अजूनही रुळांवरची यंत्रेच सांगतात. पण नव्या पद्धतीत तुकडे लहान करता येतात, आणि हुकूम दीड डझन शब्दांत कोंबावा लागत नाही.

डिजिटल या शब्दाचाही बाऊ नको. जकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक असेल तर सुई आत जाते, नसेल तर अडते. आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींतून कमळ, मोर, कैरी सगळे निघते. कॉम्प्युटरही आहे आणि नाही यावरच चालतो. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या हिशेबी यंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना जकार्डच्या मागावरूनच घेतली होती. जुन्या टीव्हीएमचा प्रवाह म्हणजे रंगीत झेंडा, आणि नवा रेडिओ संदेश म्हणजे पुठ्ठ्यांची लांबलचक माळ. त्यात हवी तेवढी नक्षी बसते.

आकड्यांत पाहू. तासाला १३ गाड्या म्हणजे दोन गाड्यांत सरासरी साडेचार मिनिटांहून थोडे जास्त. १६ गाड्या म्हणजे पावणेचार मिनिटे. फरक मिनिटभराचाही नाही. पण ३०० च्या वेगाने एका मिनिटात पाच किलोमीटर जातात, म्हणजे प्रत्येक दोन गाड्यांमागे चार-साडेचार किलोमीटर रूळ मोकळे झाले. हे रूळ १९८१ पासून तेथेच पडून होते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ही किमया येथे साधते कारण या मार्गावर सगळ्या गाड्या जवळपास एकाच वेगाने धावतात. मालगाडी नाही, प्रत्येक स्टेशनला थांबणारी पॅसेंजर नाही. जेथे ५० च्या वेगाची मालगाडी आणि १३० ची एक्सप्रेस एकाच रुळावर आहेत तेथे कितीही हुशार कॉम्प्युटर बसवा, मालगाडीला बाजूच्या लाइनवर थांबवूनच एक्सप्रेस काढावी लागेल. आपली बुक केलेली गाठोडी वाटेत का रखडतात, याचे अर्धे उत्तर यात आहे. तसेच रूळ मोकळे झाले तरी पॅरिस आणि लियॉनच्या स्टेशनांत फलाट हवेत, जास्त गाड्यांना जास्त वीज हवी. ही कामेही सोबतीने करावी लागतात. नाही तर माग दुप्पट आणि वीज तेवढीच, अशी गत.

चालू मार्गावर काम

या प्रकल्पातली खरी कसोटी येथे आहे. नव्या लाइनवर नवी पद्धत बसवणे त्या मानाने सोपे. २००५ साली इटलीने रोम-नेपल्स मार्ग याच पद्धतीवर सुरू केला. आपल्यापैकी जे ऑक्टोबर २०१८ नंतर उमरा किंवा हजला गेले त्यांनी मक्का-जेद्दा-मदिना हरमैन गाडीने कदाचित प्रवास केला असेल. साडेचारशे किलोमीटर, वेग ३००, आणि सिग्नल हेच, ईटीसीएस पातळी दोन, पहिल्या दिवसापासून. नव्या घराच्या भिंती उभ्या राहतानाच वायर आत टाकण्यासारखे ते आहे. पॅरिस-लियॉनला मात्र घरात माणसे राहत असताना सगळी वायरिंग बदलायची आहे, आणि दिवे एक संध्याकाळही बंद ठेवायचे नाहीत.

फ्रान्समध्ये वेगवान मार्गावर रात्री काही तास गाड्या नसतात. केबल टाकणे, यंत्रांच्या खोल्या उभारणे, बलीझ बसवणे ही कामे त्या तासांत, तुकड्यातुकड्याने. सकाळची पहिली गाडी यायच्या आत सगळे आवरून लाइन मोकळी करून द्यायची. असे वर्षानुवर्षे.

पण काही कामे तुकड्यातुकड्याने होत नाहीत. या मार्गावरचे सांधे हलवणाऱ्या आणि कुलूपबंद ठेवणाऱ्या जुन्या केंद्रांत विजेच्या रिलेंच्या रांगा होत्या. रेल्वेत यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. दोन गाड्यांना एकाच वाटेचा हुकूम मिळणारच नाही अशी ती कुलपांची साखळी असते. रिले बदलून कॉम्प्युटर बसवायचा तर अर्धी साखळी जुनी आणि अर्धी नवी चालत नाही. म्हणून ९ नोव्हेंबर २०२४, शनिवारपासून चार दिवस पॅरिस-लियॉन वेगवान मार्ग पूर्ण बंद ठेवला गेला. काही गाड्या रद्द झाल्या, काही जुन्या मार्गाने कितीतरी जास्त वेळ घेऊन गेल्या. दिवस निवडले तेही हिशेबाने. सोमवार ११ नोव्हेंबर ही पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीची सुट्टी होती. मालेगावात मोठी दुरुस्ती जुम्म्याला काढतात, तसाच हा विचार. चार दिवसांचे नुकसान त्यांनी आधी जाहीर करून, प्रवाशांना महिनोन् महिने अगोदर कळवून सोसले. आपल्याकडे ब्लॉकची खबर अनेकदा फलाटावर गेल्यावर मिळते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसरी अडचण दोन्ही बाजूंची. रुळांवर कितीही नवी यंत्रे बसवा, गाडीत ती वाचणारे यंत्र नसेल तर ती मुकी. त्यामुळे या मार्गावर येणाऱ्या प्रत्येक गाडीत नवा कॉम्प्युटर, नवा अँटेना, नवा रेडिओ बसवावा लागतो. एकेक गाडी कारखान्यात नेऊन उभी करायची, तेवढे दिवस तिची कमाई बंद. सगळ्या गाड्या तयार होईपर्यंत जुनी पद्धतही चालू ठेवावी लागते. मधल्या काळात खर्च दुहेरी आणि फायदा अर्धवट. शेवटची जुनी गाडी सुधारली जाईपर्यंत तासाला सोळाचा हिशेब कागदावरच राहतो. मोठ्या रेल्वेला हा भार झेपतो, लहान कंपनीला जड जातो. आणि ट्रेनइटालियासारख्याला जुनी फ्रेंच पद्धतही आपल्या गाडीत बसवूनच २०२१ मध्ये या मार्गावर यावे लागले.

शिवण जेथे उसवते

कापड सहसा मधे फाटत नाही, शिवणीवर उसवते. सिग्नलच्या बाबतीतही जीव गेले ते जुने आणि नवे जेथे जोडलेले असते तेथे.

२४ जुलै २०१३ रोजी स्पेनमध्ये सांतियागो शहराजवळ एक वेगवान गाडी वळणावर रुळांवरून उतरली. सुमारे ८० माणसे मेली. वळणावर मर्यादा ताशी ८० ची होती, गाडी १७९ ने आली. ड्रायव्हर त्याच सुमारास फोनवर गाडीतल्या कर्मचाऱ्याशी बोलत होता. मार्ग नवा होता, त्यावर ईटीसीएस होती, पण ती या वळणाच्या काही किलोमीटर आधीच संपत होती. शिवाय त्या गाडीतले तिचे यंत्रही बंद ठेवलेले होते. वळणाच्या आधी वेग जबरदस्तीने उतरवणारे काहीच नव्हते, सगळी भिस्त एका माणसाच्या लक्षावर. पुढे तेथे वेग रोखणाऱ्या बलीझ बसवल्या गेल्या. त्यांचा खर्च साऱ्या मार्गाच्या खर्चापुढे चिल्लर होता.

तुर्कस्तानात अंकारा येथे १३ डिसेंबर २०१८ रोजी वेगवान गाडी समोरच्या इंजिनावर आदळली, नऊ जण गेले. त्या तुकड्यावर सिग्नल व्यवस्था पूर्ण झालेली नसताना गाड्या सुरू केल्या होत्या.

आणि आपल्या घरचे उदाहरण. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा बाजूच्या लाइनकडे लागलेला होता. तेथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत निघाले की सिग्नलच्या वायरिंगमध्ये काम करताना जोडणी चुकली होती आणि ती तपासणीत पकडली गेली नाही. म्हणजे जी साखळी दोन हुकूम एकदम निघू नयेत म्हणून बांधलेली, तिलाच दुरुस्तीत खोटे बोलायला लावले. फ्रान्सने चार दिवस गाड्या बंद ठेवून काय विकत घेतले, ते बालासोरकडे पाहिले की समजते. चालू गाड्यांमध्ये घाईने वायर जोडण्याचा धोका त्यांनी टाळला. बदललेला प्रत्येक सांधा, प्रत्येक हुकूम, गाडी सोडण्याआधी तपासायला सलग वेळ लागतो. आठ हजार कोटींच्या हिशेबात या वेळेची किंमतही धरलेली आहे, आणि माझ्या मते तो पैसा सर्वांत चांगल्या ठिकाणी गेला.

नव्या यंत्रांबद्दल एक शंका मात्र मनात राहते. रिले बिघडला तर मिस्त्री तो काढून दुसरा बसवत असे. कॉम्प्युटर बिघडला तर ज्या कंपनीने प्रोग्राम लिहिला तिच्याकडेच जावे लागते. ज्यांनी परदेशी ऑटोलूम किंवा इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतले आहे त्यांना हा तजुर्बा आहे. एक छोटे कार्ड जळते आणि माग आठवडाभर उभा राहतो. युरोपने समान पद्धत ठरवली तिचा एक हेतू हाही होता की एकाच विक्रेत्याच्या मुठीत रेल्वे सापडू नये. तरी पूर्ण सुटका नाही. ईटीसीएसचा रेडिओ जीएसएम-आर या जातीचा आहे, म्हणजे आपल्या जुन्या बटनांच्या मोबाइलच्या पिढीचा. त्याची यंत्रे बनवणारे कारखाने तो आता सोडू पाहत आहेत, आणि त्याच्या जागी एफआरएमसीएस नावाचा नवा रेडिओ येत आहे. थोडक्यात, काम पूर्ण होते न होते तोच पुढच्या बदलाचे बिल तयार. जुनी टीव्हीएम चाळीस वर्षे चालली. नवी तेवढी वर्षे न बदलता चालेल असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

आपल्याकडचे कवच

कवच ही भारतातच बनलेली पद्धत आहे. जुलै २०२० मध्ये ती देशाची अधिकृत गाडी-सुरक्षा पद्धत ठरली. कल्पना युरोपच्या पद्धतीला जवळची. स्लीपरवर छोटे आरएफआयडी टॅग, लाइनच्या कडेला रेडिओचे मनोरे, स्टेशनात एक यंत्र आणि इंजिनात एक. लाल सिग्नल ओलांडला जात असेल, वेग वाढत असेल, समोर त्याच रुळावर गाडी असेल तर ब्रेक आपोआप लागतो. फरक उद्देशाचा. पॅरिस-लियॉनला गाड्या वाढवायच्या आहेत. आपल्याला आधी जीव वाचवायचे आहेत. आपल्या रुळांवर मालगाडी, पॅसेंजर, एक्सप्रेस सगळे एकत्र असल्याने नुसत्या कवचने गाड्यांची संख्या फार वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी मालगाड्या वेगळ्या काढाव्या लागतात आणि दादरी ते न्हावा शेवा मालवाहू कॉरिडॉर त्याकरताच आखलेला आहे.

पहिल्यांदा दक्षिण मध्य रेल्वेवर १,४६५ किलोमीटर मार्गाला कवच बसले. बालासोरचा मार्ग त्यात नव्हता. तेथे कवच असते तरी चुकीच्या जोडणीतून निघालेला हिरवा सिग्नल त्याने कितपत ओळखला असता, यावर रेल्वेच्या जाणकारांतही मतभेद झाले. सुधारलेली चौथी आवृत्ती जुलै २०२४ मध्ये मंजूर झाली आणि मुंबई-दिल्ली मार्गाच्या मथुरा ते कोटा तुकड्यावर ती जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. फ्रान्सला जी दोन्ही बाजूंची अडचण आली ती येथे कितीतरी पट मोठी आहे. आपल्याकडे इंजिने हजारोंच्या संख्येत आहेत आणि एकच इंजिन आज वसई रोडला तर परवा विजयवाड्याला असते. कवच असलेल्या मार्गावर कवच नसलेले इंजिन आले की त्या गाडीपुरते कवच नाहीच. त्यामुळे वर्तमानपत्रात किती किलोमीटर झाले हा आकडा येतो तेव्हा सोबत किती इंजिनांत यंत्र बसले हेही पाहावे. दोन्हीतला लहान आकडा खरा.

या कामात रोजगार आहे आणि तो आपल्या मुलांच्या आवाक्यातला आहे. कवचची यंत्रे बनवणाऱ्या पहिल्या तिन्ही कंपन्या हैदराबादच्या. केबल टाकणे, मनोरे उभारणे, इंजिनात यंत्र बसवणे ही कामे ठेक्याने दिली जातात आणि त्यांना इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे हात लागतात. खुद्द रेल्वेत ‘टेक्निशियन ग्रेड एक, सिग्नल’ ही जागा रेल्वे भरती मंडळाकडून भरली जाते. तिच्यासाठी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री, अथवा भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर यांसारख्या विषयातली बी.एस्सी. चालते. सिग्नलच्या कामाचे प्रशिक्षण देणारी रेल्वेची मुख्य संस्था सिकंदराबादला आहे आणि कवचचे शिक्षणही तेथे दिले जाते. भरतीच्या जाहिराती रोजगार समाचारमध्ये येतात. अर्जाची मुदत साधारण महिनाभराची असते, म्हणून गुणपत्रिका, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे जाहिरात यायच्या आधीच काढून ठेवावीत.